चार्टर जेटची सेवा: पैसे कुठे वसूल होतात आणि प्रवाशाचं वागणं कुठे नडतं

आठ सीटचं लाइट जेट म्हणजे आठ जणांचा आरामशीर प्रवास, हा हिशेब पहिल्यांदा चार्टर करणाऱ्यांचा, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घेणाऱ्यांचा, हमखास चुकतो. एम्ब्रेअर फेनम ३००ची केबिन साधारण ५.२ मीटर लांब, १.५५ मीटर रुंद आणि १.५० मीटर उंच. बेताच्या उंचीच्या माणसालाही आत वाकूनच चालावं लागतं. समोरासमोरच्या चार सीटांवर चार मोठी माणसं बसली की गुडघे एकमेकांना लागतात. शेवटच्या एक-दोघांच्या वाट्याला दाराजवळची आडवी सीट येते, नाहीतर झाकण पाडून पट्टा लावलेली चक्क टॉयलेटची सीट. यात विमानाचा काही दोष नाही. फेनम ३०० काय किंवा सेसना सायटेशन सीजे३ काय, चार-पाच माणसं, दोन-अडीच तास आणि माणशी एक मऊ बॅग एवढ्या कामाला ही उत्तम विमानं आहेत. त्यापुढे ताणलं की त्रास सुरू होतो, आणि तो त्रास बहुतेक वेळा सेवेच्या नावावर खपवला जातो.

इथे कोणा एका कंपनीचं मोजमाप नाही, चार्टर या सेवेचंच आहे. या सेवेत प्रवाशाच्या वागण्याचा वाटा एअरलाइनपेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून रीतभातीची चर्चा त्यातच केली आहे.

वेळेच्या बाबतीत चार्टरला पैकीच्या पैकी गुण. खासगी टर्मिनलवर, ज्याला या धंद्यात सगळे एफबीओ म्हणतात, गाडीतून उतरल्यापासून सीटवर बसेपर्यंत देशांतर्गत उड्डाणाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. एअरलाइनची विमानं जात नाहीत अशा लहान धावपट्टीवर उतरता येतं, तो फायदा त्याहून मोठा. खाण्यापिण्याला आणि सरबराईला मात्र सरसकट गुण देता येत नाहीत. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे प्रवाशांच्या सीटा १९पेक्षा जास्त असतील तरच केबिन अटेंडंट सक्तीची आहे. त्यामुळे लाइट आणि बहुतेक मिडसाइज जेटमध्ये ती नसतेच. सुरक्षेची माहिती को-पायलट देतो, कॉफी थर्मासमधून आपली आपण ओतून घ्यायची. को-पायलटला हाक मारून ग्लास भरायला सांगणारे प्रवासी असतात. तो माणूस विमान उडवायला बसला आहे, एवढं लक्षात आलं तरी पुरे.

बुकिंग करताना

कुठलं विमान मिळणार हा प्रश्न लोक आधी विचारतात. खरं तर आधी विचारायचं ते विमान उडवणार कोण. आपलं बोलणं बहुधा ब्रोकरशी होतं. त्याच्याकडे विमान नसतं, तो ऑपरेटरकडून घेऊन देतो. व्यावसायिक उड्डाणाचा परवाना, म्हणजे एओसी (अमेरिकेत पार्ट १३५चं प्रमाणपत्र), ऑपरेटरच्या नावावर असतो. सही करण्याआधी ऑपरेटरचं नाव, विमानाचा टेल नंबर (शेपटीवरचा नोंदणी क्रमांक), परवाना आणि विम्याचा कागद लेखी मागावा. आर्गस किंवा वायव्हर्न या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थांचं ऑडिट झालंय का, आयएस-बीएओ या आंतरराष्ट्रीय मानकाची नोंदणी आहे का, हेही विचारावं. चांगला ब्रोकर हे सगळं न कुरकुरता पाठवतो. ‘त्याची काही काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरावं. परवाना नसताना भाडं घेऊन उडणारी विमानं सगळीकडे आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि त्या वैमानिकांच्या प्रशिक्षणावर व कामाच्या तासांवर व्यावसायिक चार्टरसारखी देखरेखही नसते.

मग येते प्रवाशांची यादी, आणि तीत वजनाचा रकाना. इथे लोक लाजतात. पाच-सात किलो खाली सांगतात, बॅगेचं वजन अंदाजे टाकतात. सहा जणांनी माणशी सात किलो लपवले की ४२ किलो झाले, आणि त्यात कोणीतरी ऐनवेळी आणलेली जास्तीची बॅग. मोठ्या एअरलाइनरला याने काही होत नाही, लहान जेटला होतं. गरम दिवशी किंवा उंचावरच्या विमानतळावर हवा विरळ असते. इंजिनांचा जोर कमी पडतो, उड्डाणासाठी लागणारी धावपट्टी वाढते. अशा वेळी कॅप्टनपुढे दोनच वाटा: इंधन कमी भरून मध्येच कुठेतरी इंधनासाठी उतरायचं, किंवा सामान खाली ठेवायचं. दोन्हीत दिवस वाया जातो आणि बोल बसतो ऑपरेटरला. बुटांसकट, कपड्यांसकट, हातातल्या पिशवीसकट खरं वजन द्यावं. तो आकडा कॅप्टन मोठ्याने वाचून दाखवत नाही. वजन मागे-पुढे कसं वाटलं गेलंय यावरही विमानाचा तोल ठरतो, म्हणून ‘तुम्ही मागे बसा’ असं कॅप्टनने सांगितलं तर त्यात मानापमान काही नसतो.

सामानाबद्दल. लाइट जेटच्या सामानाच्या कप्प्याचं दार बाहेरून, बहुधा शेपटीकडे उघडतं आणि उड्डाणात तिथे पोचता येत नाही. औषधं, पासपोर्ट, चार्जर, बाळाचं सामान हातातच हवं. कप्प्याचा आकार चौकोनी नसतो, आतली भिंत विमानाच्या अंगाबरोबर वळत जाते. म्हणून कडक कवचाच्या दोन मोठ्या सुटकेस अडकून बसतात आणि त्याच जागेत पाच मऊ बॅगा मावतात. गोल्फची किंवा स्कीची बॅग असेल तर तिची लांबी सेंटिमीटरमध्ये आधी कळवावी.

खासगी विमान आहे म्हणून धोकादायक वस्तूंचे नियम सुटत नाहीत. सुटी लिथियम बॅटरी, पॉवर बँक, ई-सिगारेट हे सगळं केबिनमध्येच, सामानाच्या कप्प्यात नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, १०० ते १६०पर्यंतच्या दोन ऑपरेटरच्या परवानगीने, त्यावर नाही. ३.७ व्होल्टची २७,००० एमएएचची पॉवर बँक जवळपास १०० वॉट-अवर भरते, म्हणजे त्याहून मोठी घेण्याआधी विचारावं. गॅसचं डबडं आणि फटाके घरीच.

कुत्रा-मांजर नेता येतं, ही चार्टरची खरोखर चांगली सोय. पण ती आयत्या वेळी जाहीर करायची गोष्ट नाही. प्राण्याचं वजन यादीत लागतं, परदेशी जायचं तर लसीकरणाचे कागद लागतात, उड्डाण आणि उतरताना त्याला पट्टा किंवा पिंजरा लागतो. सीटवर अंथरायला चादर आपली आपण न्यावी. केस चामड्याच्या शिवणीत शिरले की साफसफाईचं बिल वेगळं येतं, आणि ते वाजवी असतं.

वेळ

‘आपलंच विमान आहे, थांबेल’ हा समज सगळ्यात महाग पडतो. विमान थांबतं. पण त्याची वेळ एकटं विमान ठरवत नाही.

युरोपात गर्दीच्या वेळी उड्डाणाला ठरावीक स्लॉट मिळतो. दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंतच निघता येतं. ती खिडकी चुकली की नवा स्लॉट, आणि तो तासाभरानंतरचाही असू शकतो. अमेरिकेत येणाऱ्या किंवा तिथून बाहेर जाणाऱ्या खासगी विमानाची प्रवासी यादी निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सीमाशुल्क खात्याकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जावी लागते. ‘माझा एक मित्र पण येतोय’ असं टर्मिनलवर पोचून सांगितलं की यादी नव्याने भरायची, आणि सगळ्यांचा खोळंबा. नावही पासपोर्टवर जसं आहे तसंच द्यायचं, टोपणनाव नाही.

तिसरं घड्याळ वैमानिकांच्या कामाच्या तासांचं. अमेरिकेच्या चार्टर नियमांत दोन वैमानिकांच्या जोडीला २४ तासांत जास्तीत जास्त दहा तास उड्डाण करता येतं, नियमित कामाचा पाळा १४ तासांचा, आणि त्याआधी सलग दहा तास विश्रांती. इतर देशांचे आकडे वेगळे असतात, तत्त्व तेच. हिशेब करून बघा: सकाळी आठच्या उड्डाणासाठी वैमानिक सातला हजर होतात. चौदा तास रात्री नऊला संपतात. परतीचा प्रवास अडीच तासांचा आणि उतरल्यावरची कामं अर्ध्या तासाची धरली, तर संध्याकाळी सहाला विमान हललंच पाहिजे. जेवण लांबलं, मीटिंग रेंगाळली आणि तुम्ही साडेसातला आलात, तर कॅप्टन नाही म्हणेल. ती अडवणूक नाही, त्याला कायद्याने उडताच येत नाही. मुक्काम, वैमानिकांचं हॉटेल आणि दुसऱ्या दिवसाचं भाडं मग तुमच्या बिलात. उशीर होणार हे कळल्याबरोबर फोन करावा. दुपारी दोनला कळवलं तर विश्रांतीची, बदली वैमानिकांची काही तजवीज होऊ शकते. सहा वाजता कळवून काहीच होत नाही.

कोणाचे पाहुणे म्हणून जात असाल तर यजमानाच्या आधी टर्मिनलवर असावं. देशांतर्गत उड्डाणाला अर्धा तास आधी पुरे. फार आधी जाऊन लाउंजमध्ये फराळ मांडून बसणंही बरं दिसत नाही.

रॅम्पवर आणि दारात

रॅम्प म्हणजे विमानं उभी करायची मोकळी जागा. तिथे टर्मिनलच्या दारापासून विमानापर्यंत न्यायला माणूस येतो. त्याच्या मागेच चालावं. विमानाला वळसा घालून फोटो काढायला जाऊ नये. लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे. पुढच्या बाजूला बाहेर आलेल्या बारीक नळ्या म्हणजे पिटोट ट्यूब. बर्फ धरू नये म्हणून त्या तापवल्या जातात, हात लावला तर भाजतो, आणि वाकली तर वेग दाखवणारं उपकरण चुकतं. लहान मुलांना इथे कडेवर घ्यावं किंवा हात धरावा. सिगारेट अर्थातच नाही. टोपी आणि स्कार्फ हातात.

लहान जेटची शिडी म्हणजे उघडलेलं दारच. बऱ्याच विमानांत तिच्यावर एका वेळी एकच माणूस चालतो, तशी पाटीही लिहिलेली असते. पायरीवर थांबून मागच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, आणि दाराची केबल आधाराला धरायची नाही.

केबिनमध्ये

कुठे बसायचं? यजमान किंवा ज्याच्या नावावर चार्टर आहे तो आधी सीट निवडतो. पाहुण्याने आत शिरून बाजूला उभं राहावं किंवा ‘मी कुठे बसू?’ असं सरळ विचारावं. पुढे तोंड असलेल्या सीटा सगळ्यांना हव्या असतात. ज्याला मळमळतं त्याने ते आधी सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. मनातल्या मनात कुढत उलट्या तोंडाने बसण्यात कोणाचंच भलं नाही.

सीटबद्दल थोडं तपशिलात, कारण गोंधळ इथेच जास्त होतो. जेटची सीट फिरते, मागे-पुढे सरकते आणि कडेला-मध्ये पण सरकते. टॅक्सी, उड्डाण आणि उतरताना ती पूर्ण ताठ, पुढे किंवा मागे सरळ तोंड केलेली, कडेला भिंतीशी सरकवलेली आणि डोक्याची उशी वर ओढलेली लागते. सीटचा आतल्या बाजूचा, हात टेकायचा दांडा खाली. कारण साधं: मध्ये सरकलेल्या सीटमुळे बाहेर पडायची वाट अडते. सरकवायची कळ बहुधा त्या दांड्याच्या टोकाशी किंवा सीटखाली असते. कळ न दाबता अंगाच्या जोराने सीट ढकलली की रुळावरचं कुलूप बिघडतं.

टेबलचीही तीच कथा. ते भिंतीच्या पट्टीत उभं लपलेलं असतं. आधी पट्टीचं झाकण उचलायचं, मग टेबल सरळ वर ओढायचं, पूर्ण वर आल्यावरच आडवं पाडायचं आणि शेवटी दुसरा अर्धा भाग उलगडायचा. अर्ध्यावर असताना आडवं ओढलं की बिजागरी पिळते. एकदा पिळली की टेबल नीट बसत नाही, आणि नीट न बसणारं टेबल उतरताना बंद करून ठेवावं लागतं. पुढच्या प्रवाशाला टेबलच नाही. त्यावर कोपर टेकून उठायचंही नाही. पॉलिश केलेल्या लाकडावर ओला ग्लास किंवा गरम कप थेट ठेवला की पांढरट वर्तुळ उमटतं, ते पुसून जात नाही.

बूट काढायला सांगितले तर काढावेत, न सांगितले तर विचारावं. मोजे धड असावेत हे ओघाने आलं. टोकदार टाचा गालिचा फाडतात. नवी गडद जीन्स फिक्या चामड्यावर निळा रंग सोडते, आणि तिचे धातूचे रिव्हेट चामड्यावर व लाकडावर ओरखडे काढतात. उन्हाळ्यात सनस्क्रीन चोपडलेले हातपायही डाग पाडतात. म्हणून फिक्या केबिनमध्ये जाताना धुवून मऊ झालेले, रंग न सोडणारे कपडे बरे. अत्तर शक्यतो नको, इतक्या लहान जागेत एकाचं अत्तर सगळ्यांचं होतं. वाढदिवसाला चकाकी आणि कागदी तुकडे उधळण्याचा मोह तर आवराच. सीटच्या रुळांत आणि हवेच्या झरोक्यांत गेलेली चकाकी काढायला सीटा उचलाव्या लागतात.

टॉयलेटबद्दल कोणी उघड बोलत नाही, म्हणून बोलतो. लाइट जेटमध्ये ते मागे किंवा पुढे, कधी बारीक सरकत्या दाराआड तर कधी नुसत्या पडद्याआड असतं. निळ्या रसायनाची टाकी लहान असते. काही विमानांत ती बाहेरून रिकामी करता येते, काहींत टाकीच उचलून केबिनमधून बाहेर न्यावी लागते. तेव्हा निघण्याआधी टर्मिनलवरच जाऊन यावं, विमानातलं तातडीसाठी ठेवावं. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, हात पुसायचे जाड कागद आत टाकू नयेत, झडप अडकते. तब्येत खरोखर बिघडली असेल तर मात्र बिनदिक्कत वापरावं. माणसासाठीच आहे ते.

खाणंपिणं, इंटरनेट, फोटो

जेवणाची ऑर्डर किमान २४ तास आधी द्यावी. लाइट जेटमध्ये सहसा ओव्हन नसतो. बर्फाचा खण, गरम पाणी आणि ताटल्या, बस. गरम रश्शाचा बेत तिथे जमत नाही, थंड खाल्लं तरी चांगलं लागेल असंच मागवावं. कांदा-लसणाचा, मासळीचा दणदणीत वास, ठिबकणारा रस, चुरा पडणारे पापुद्रे टाळावेत. लाल वाइन अनेक मालक गालिच्यासाठी बंदच ठेवतात, तेव्हा ‘लाल नाही का?’ असा हट्ट नको. वैमानिकांचं जेवणही त्याच ऑर्डरमध्ये धरावं. दोघे सहसा वेगवेगळं खातात, एकाच अन्नाने दोघांना बाधा होऊ नये म्हणून. त्यांच्या डब्याला पाहुण्यांनी हात लावायचा नाही, तो कितीही चांगला दिसला तरी.

दारू जमिनीपेक्षा वर जास्त लागते असं वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. सीजे३ ४५,००० फुटांवर असताना केबिनमधली हवा साधारण ८,००० फुटांवरच्यासारखी विरळ असते. गल्फस्ट्रीम जी६५० ५१,००० फुटांवर असताना ती ४,८५० फुटांइतकी राहते, म्हणून लांबच्या प्रवासानंतर त्यातून उतरणारा माणूस कमी दमलेला असतो. मोठ्या जेटचे जास्त पैसे कशाचे, याचं एक उत्तर हेच. अमेरिकी चार्टरमध्ये ऑपरेटरने दिलेली दारूच पिता येते. स्वतःची बाटली आणली तर ती आधी क्रूकडे द्यायची. झिंगलेल्या माणसाला चढू न देण्याचं बंधनही त्यांच्यावरच असतं.

इंटरनेटला एरवी लोक फार कमी गुण देतात, पण अर्धा दोष आपल्या फोनचा असतो. उपग्रहाच्या जुन्या जोडणीवर डेटा मोजून मिळतो आणि त्याचं बिल चार्टर करणाऱ्याला जातं. चढण्याआधीच फोटोंचा क्लाउड बॅकअप, ॲपचे आपोआप होणारे अपडेट आणि व्हिडिओची ऑटोप्ले सोय बंद करावी. लॅपटॉपवरही तेच. एकाने सिनेमा लावला की बाकी सगळ्यांचा ईमेल अडकतो. फोनवर बोलायचं तर परवानगी विचारून आणि थोडक्यात. केबिनमध्ये खासगी बोलणं असं काही नसतं, आणि जे कानावर पडलं ते खाली उतरताना तिथेच सोडून यावं.

फोटो यजमानाला विचारूनच काढावेत आणि क्रू त्यात असेल तर त्यांनाही विचारून. शेपटीवरचा नंबर फोटोत येऊ देऊ नये. विमानं एडीएस-बी नावाच्या, आपोआप जाणाऱ्या रेडिओ संदेशातून आपली जागा सतत सांगत असतात आणि नंबर हाती असला की कोणीही ती शोधू शकतं. अमेरिकेत एलएडीडी नावाच्या योजनेतून नंबर झाकायची सोय आहे, पण ती सहभागी संकेतस्थळांपुरतीच. स्वतंत्र रिसीव्हर बसवलेल्यांना तो दिसतोच. प्रवास चालू असताना काहीही टाकू नये, नंतर टाकायचं ते यजमानाच्या संमतीने.

कॅप्टनचा शब्द

चार्टरमध्ये विमान भाड्याने मिळतं, कॅप्टनचा निर्णय मिळत नाही. विमानाबाबतचा अंतिम अधिकार कॅप्टनचा, हे आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. टॅक्सी, उड्डाण, उतरणं आणि १०,००० फुटांखालचा बहुतेक वेळ कॉकपिटमध्ये कामाखेरीज बोलायचं नसतं. अनेक लहान जेटना कॉकपिटचं दारच नसतं, त्यामुळे ही शिस्त प्रवाशांनीच पाळावी लागते. डोकावायचं असेल तर सरळ उड्डाणात, विचारून.

हा मुद्दा शिष्टाचाराचा वाटतो, पण त्याला ॲस्पेनचा संदर्भ आहे. २९ मार्च २००१ला लॉस एंजेलिसहून कोलोराडोतल्या ॲस्पेनला निघालेलं एक चार्टर गल्फस्ट्रीम ३, प्रवासी उशिरा आल्यामुळे ४१ मिनिटं उशिरा सुटलं. तिथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने विमान उतरवायला बंदी होती. विमान दुसरीकडे वळवावं लागेल अशी भाषा निघाल्यावर चार्टर ग्राहकाच्या वतीने कंपनीला नाराजीचा निरोप गेला. अंधार, हिमवर्षाव, भोवती डोंगर. धावपट्टी दिसत नसताना विमान खाली आणलं गेलं आणि ते धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. १५ प्रवासी आणि तिघे क्रू, सगळे गेले. शेवटच्या टप्प्यात एक प्रवासी कॉकपिटमधल्या जादा सीटवर बसलेला होता. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने मुख्य दोष वैमानिकांवर ठेवला, पण कारणांत ग्राहकाचा दबाव, उशिरा सुटणं आणि रात्रीची बंदी यांचीही नोंद केली.

तेव्हा कॅप्टनने ‘जाता येणार नाही’ किंवा ‘दुसरीकडे उतरावं लागेल’ म्हटलं, तर एकच प्रश्न विचारावा: मग आता पर्याय काय? पुढची गाडी, हॉटेल, दुसरं विमान याची व्यवस्था ऑपरेटर कशी करतो, त्यावरच सेवेची खरी परीक्षा होते. ‘मागच्या कंपनीचा कॅप्टन उतरवायचा’ हे वाक्य तोंडातून निघूच नये.

दुसऱ्याच्या विमानात पाहुणे असाल तर

मालकाने स्वतःच्या जेटमधून नेलं की इंधनाचा आपला वाटा देऊ करणं सभ्यपणाचं वाटतं. तसं करू नये. अमेरिकेच्या नियमांत, थोडे अपवाद सोडले तर, अशी खासगी उड्डाणं प्रवाशांकडून पैसे घेऊन करता येत नाहीत. पैसे घेतले की ते विनापरवाना चार्टर ठरू शकतं आणि विम्याचाही प्रश्न येतो. आभाराचं पत्र, छानशी भेट, पुढचं जेवण आपल्याकडून, हे ठीक. भेटवस्तू आधी पोचवावी किंवा नंतर, विमानात ओझं करून नव्हे. यजमानाने आपला कार्यक्रम बदलला तर परतीची सोय स्वतः करायची तयारी ठेवावी आणि ती बोलून दाखवू नये.

टिपेचा प्रश्न वेगळा. मालकाच्या विमानातल्या क्रूला परस्पर पैसे देऊ नयेत, यजमानाला विचारावं. चार्टरमध्ये टिप सक्तीची नाही. काही कंपन्यांत क्रूला घ्यायलाही मनाई असते, म्हणून ब्रोकरला आधी विचारून ठेवावं. सामान चढवणाऱ्याला मात्र लोक विसरतात, आणि पावसात उभा तोच असतो.

उतरताना कप, कागद, वर्तमानपत्र गोळा करून ठेवावं. परदेशातून आलेल्या विमानातलं उरलेलं अन्न अनेक देशांत नियमाने वेगळं नष्ट करावं लागतं, म्हणून फळ खिशात घालून उतरू नये. सीमाशुल्काचा अधिकारी येईपर्यंत सीटवरच थांबावं. दोन्ही वैमानिकांना नावाने धन्यवाद द्यावेत.

कोणासाठी कुठलं

चार माणसं आणि दोन-अडीच तास असतील तर लाइट जेट बिनधास्त घ्यावं. तीन-चार तास, सहा माणसं, अटेंडंट नसली तरी चालेल, तर मिडसाइज. त्यातही सायटेशन एक्सएलएसची उंची १.७३ मीटर, आणि ती मधल्या खोलगट वाटेत उभं राहिल्यावर. सायटेशन लॅटिट्यूडची १.८३ आणि जमीन सपाट. उंच माणसांनी लॅटिट्यूडच मागावं, फरक तासाभरात कळतो. चॅलेंजर ३५०चा सामानाचा कप्पा उड्डाणातही आतून उघडतो, लहान मुलं बरोबर असतील तर ही एकच गोष्ट निर्णायक ठरावी. समुद्रापार रात्रभराच्या प्रवासाला जी६५० किंवा ग्लोबल ७५००च्या वर्गाला पर्याय नाही. दोन तासांसाठी ते घेणं म्हणजे निव्वळ मिरवणं.

‘एम्प्टी लेग’, म्हणजे रिकामं परतणारं विमान, स्वस्त मिळतं, पण ते मूळ ग्राहकाच्या कार्यक्रमाला बांधलेलं असतं. त्याने वेळ बदलली की तुमचं उड्डाण रद्द. लग्नाला किंवा ऑपरेशनला जायचं असेल तर घेऊ नये, सुट्टीला खुशाल घ्यावं. रद्द झाल्यावर ब्रोकरवर आवाज चढवून काही हाती लागत नाही, ती अट करारात असतेच.

बिल आल्यावर पाच ओळी नीट पाहाव्यात: विमान रिकामं आणण्या-नेण्याचं भाडं, दिवसाचं किमान उड्डाण (बऱ्याच ठिकाणी दोन तास धरतात), क्रूचा मुक्काम, इंटरनेट आणि साफसफाई. थंडीत सहावी ओळ येते, पंखांवरचा बर्फ काढण्याच्या द्रवाची. ती कराराच्या रकमेत बहुधा नसते, कारण किती लिटर लागेल ते त्या सकाळीच कळतं. साफसफाईची ओळ अनपेक्षित वाटली तर फोटो मागावा. चांगला ऑपरेटर उड्डाणाआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही पाठवतो.